बातीरला मेंढी बाधते

सायराकान-एजे माझ्या डोक्यावर राहतात. खरोखरच डोक्यावर: मी तळमजल्यावर, त्या पहिल्या मजल्यावर, आणि मध्ये सोव्हिएत काळात कुणीतरी सुट्टीवर जायच्या घाईत ओतलेला पापडासारखा स्लॅब. त्यांनी वर कांदा चिरला की खाली माझ्या डोळ्यांत पाणी येतं. थोडं वाढवून सांगतेय, पण थोडंच.

एजे म्हणजे थोरली बहीण. आमच्या बिश्केकमध्ये वयाने मोठी बाई दिसली की एजे, पुरुष दिसला की आके, मग रक्ताचं नातं असो नसो. सायराकान-एजेंनी निवृत्त होईपर्यंत ट्रॉलीबस चालवली आणि निवृत्त झाल्यापासून आमची बिल्डिंग चालवतात. जिन्यात आम्ही बायका गप्पा मारत उभ्या असलो तर त्या वरून येताना अजूनही म्हणतात, "आत सरका, मध्ये जागा मोकळी आहे." आणि आम्ही सरकतो. काय बिशाद आहे कुणाची.

हिवाळा सरत आला तसा माझ्या छताचा त्रास सुरू झाला. उजाडल्यापासून ठकठकठकठक. मग जरा दम. मग परत ठकठकठक. मी घरी पडदे शिवते, आवाजाचं मला वावडं नाही, पण माझं मशीन मी पाय काढला की गप्प बसतं. हे बसेना. वाटलं, एजेंनी सुतार लावलाय. शेवटी कात्री हातात तशीच घेऊन मी वर गेले, तर सुतार वगैरे कोणी नाही. खोलीच्या मधोमध बातीर बसलेला, मागच्या पायाने कान खाजवतोय, आणि तो पाय प्रत्येक फेरीला लाकडी जमिनीवर आपटतोय. एवढा आवाज, आणि कुत्रं म्हणाल तर माझ्या हिवाळी बुटाएवढं.

या बुटाएवढ्या जिवाचं नाव बातीर, म्हणजे शूरवीर, कसं पडलं तेही सांगते. एजेंचा नवरा कासिम-आके, मोठा भाबडा माणूस. त्यांना जन्मभर तायगान पाळायचा होता. तायगान म्हणजे आमच्या डोंगरातला शिकारी कुत्रा, कमरेएवढा उंच, लांडग्याला पळवून पळवून दमवणारा. एका रविवारी ते गुरांच्या बाजारात गेले आणि कोटाच्या आतून एक पिल्लू घेऊन आले. विकणाऱ्याने आईची शपथ घेऊन सांगितलं होतं, अस्सल तायगान आहे. पिल्लाचे आधी कान वाढले. मग काहीच वाढलं नाही. सगळी बिल्डिंग हसली, पण कासिम-आके म्हणायचे, "हाडापेराचा चांगला आहे. थोडा उशिरा वाढेल, इतकंच." दोन वर्षांपूर्वी ते गेले. तोवर ते हेच म्हणत होते. आणि आता त्यांच्या पश्चात एजे म्हणतात. कुणी विचारलं, हे कुठल्या जातीचं, तर एजे डोळा न लववता सांगतात, "तायगान. अजून वाढीला लागायचाय."

तर या तायगानला खाज सुटली. पोटावरचे केस गेले, काखा लाल झाल्या, पंजे चाटून चाटून त्याने नुसते गुलाबी करून ठेवले. एजेंनी एका नजरेत निदान केलं: थंडी बाधली. आमच्याकडे शरीराला जे काही होतं ते एक तर थंडीने होतं नाही तर उष्णतेने, आणि थंडीवर मेंढीसारखं गरम औषध नाही. झालं. सकाळी मेंढीचा रस्सा. दुपारी मेंढीचं मटण. अंगाला मेंढीच्या शेपटीच्या चरबीचं मालिश, तेही असं दणदणीत की कुत्रं हातातून साबणासारखं निसटायचं. आणि रात्री झोपायला मेंढीचं कातडं. बातीर आनंदाने वेडा झाला होता. खायचा, चाटायचा, लोळायचा आणि खाजवायचा. खाज वाढली की एजे चरबी वाढवायच्या.

मी म्हटलं, "एजे, डॉक्टरला दाखवा."

"मी ट्रॉलीबस कुणाला विचारून चालवली का?" एजे म्हणाल्या. मी खाली आले आणि कानात कापूस घातला.

हे असंच चाललं असतं, पण एप्रिलमध्ये एजेंचा धाकटा मुलगा तिलेक रशियातल्या कझानहून कायमचा परत आला. धाकट्याने आईपाशी राहायचं, ही आमची रीतच आहे, त्यामुळे तो यायच्या आधी महिनाभर एजे हवेत होत्या. बरोबर बायको नाझिरा आणि नातू सांजार, नुकताच धरून धरून उभा राहायला लागलेला. नाझिराबद्दल मी वाईट बोलणार नाही. पोरगी कामसू, बोलायला गोड, रीतीभातीला पक्की. एजेंपेक्षाही पक्की. उंबऱ्यावर उभं राहू देत नाही, पाव उलटा ठेवू देत नाही, तिन्हीसांजेला झाडू देत नाही. पण आल्या दिवशी तिने पाहिलं ते असं: अर्धं टक्कल पडलेलं, चरबीने चकाकणारं एक कुत्रं स्वतःचा पंजा चाटतंय, आणि शेजारी बसून तिचं लेकरू कौतुकाने तोच पंजा चाटायला निघालंय.

नाझिराने आरडाओरडा केला नाही. तिने पोराला उचललं, तोंड पुसलं आणि सासूला म्हणाली, "आपा, तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. पण हा बरा होणार असेल तर राहू दे. नसेल तर सांजारच्या दोऱ्याच्या दिवसापर्यंत त्याची दुसरीकडे सोय करू या."

दोऱ्याचा दिवस म्हणजे आमच्याकडचा मोठा सोहळा. मूल चालायला लागतं तेव्हा त्याच्या दोन्ही पायांना मिळून काळ्या-पांढऱ्या लोकरीचा दोरा बांधतात, लांबून पोरं धावत येतात, आणि जो पहिला पोचेल तो दोरा कापतो. मग मूल आयुष्यात कुठे अडखळत नाही. आणि कापणाऱ्याचे गुण मुलात उतरतात, म्हणून तर सगळे आपल्या पोरासाठी चांगला धावणारा शोधतात. तारीख ठरली होती जूनची.

आणि दुसरीकडची सोय म्हणजे कुठे? तर नारीनला, एजेंचे थोरले दीर सापार-आके यांच्याकडे. त्यांचा व्यवसाय मेंढ्या. त्यांच्याकडे डोंगरावर बघाल तिकडे मेंढ्या, आणि बघायचं नसेल तरी मेंढ्या. तिलेकने फोन करून ठरवूनही टाकलं: आके सोहळ्याला येतील, जाताना कुत्रं गाडीच्या डिकीत घालून नेतील.

त्या संध्याकाळी एजे माझ्याकडे खाली आल्या. बसल्या. चहा प्यायल्या नाहीत. ज्या बाईने बर्फात ब्रेक नसलेली ट्रॉलीबस चालवली आहे, तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. म्हणाल्या, "रोझा, कासिम गेल्यापासून घरात मी कुणाशी बोलते, माहीत आहे ना तुला?"

माहीत कसं नसेल? स्लॅब पापडासारखा आहे म्हटलं ना. रोज संध्याकाळी मला वरून ऐकू यायचं: आज भाजी काय आणली, कुठल्या बाईने कसा टोमणा मारला, कासिम असता तर काय म्हणाला असता. आणि मध्ये मध्ये बातीरची हुं हुं. मला भरून आलं, आणि भरून आलं की मला राग येतो. मी म्हटलं, "रडत काय बसलात, उठा, उद्या आपण त्याला डॉक्टरकडे नेतोय. मी येते बरोबर."

डॉक्टर गालिना म्हणजे जाडजूड रशियन बाई, आवाज तंबाखूने खरवडलेला. तिने बातीरला उलटसुलट केलं, हाताला लागलेल्या चरबीचा वास घेतला, आणि विचारलं की हा खातो काय. एजेंनी अभिमानाने सगळं सांगितलं. रस्सा, मटण, मालिश, कातडं, काही विसरल्या नाहीत.

"मेंढी बंद," डॉक्टर म्हणाली. "त्याला मेंढीच बाधते."

एजे हसल्या. त्यांना वाटलं, बाई गंमत करतेय. मेंढी बाधते म्हणजे काय? श्वास बाधतो असं कुणी म्हणतं का? डॉक्टर हसली नाही. म्हणाली की याने जन्मात खाल्लं नसेल असं मांस द्या, दुसरं तोंडाला लावू नका, दीड-दोन महिन्यांत फरक दिसेल. घोड्याचं चालेल.

आम्ही दोघी तिथून बाहेर पडलो आणि बसस्टॉपवर येऊन थांबलो. घोडा! आमच्याकडे घोड्याचं मांस मानाच्या पाहुण्याला वाढतात. लग्नात, बाराव्या-तेराव्यासारख्या मोठ्या प्रसंगात, व्याही येतात तेव्हा. जावयालासुद्धा सरसकट मिळत नाही. ते आता या बुटाला, रोज, वाडग्यातून.

"कुणाला कळता कामा नये," एजे म्हणाल्या. मी मान हलवली.

मग मी पडद्याच्या कापडातून बातीरला एक अंगरखा शिवला, म्हणजे खाजवलं तरी नखं कातडीला लागू नयेत. लग्नाच्या हॉलसाठी सोनेरी ब्रोकेड आणलं होतं त्याचा तुकडा उरला होता. बेतायला बसले आणि हात थांबेना, म्हणून मागे एक गोंडाही लावला. बातीर जिन्यातून उतरला की लहानसा अमीर उतरल्यासारखा वाटायचा. पोरं सलाम करायची.

तीन आठवडे झाले, घोडा चालू, अंगरखा चालू, आणि छत आपलं ठकठकठक. नाझिरा काही बोलायची नाही, पण सांजारला कडेवरून खाली ठेवायची नाही. पोरगं चालायला शिकणार कसं, कडेवर बसून? मला कळेना चुकतंय कुठे. मग एका रविवारी एजे कुणाच्या तरी साखरपुड्याहून परतल्या, हातात फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी. आमच्याकडे समारंभाहून रिकाम्या हाताने येत नाहीत. ताटातलं उरलेलं सगळ्यांना बांधून देतात, घरी राहिलेल्यांनाही आनंदाचा वाटा मिळावा म्हणून. त्याला केशिक म्हणतात आणि ते नाकारणं म्हणजे घोर अपमान. एजे जिन्यातच वाकल्या आणि पिशवीतलं एक हाड बातीरच्या तोंडात दिलं. माझ्या डोळ्यांदेखत.

"एजे, हे काय?"

"केशिक."

"ते मेंढीचं हाड आहे."

"मेंढी मी कधीच बंद केली," एजे शांतपणे म्हणाल्या. "हा आशीर्वाद आहे. घरच्या प्रत्येकाने खायचा असतो. तो काय घरचा नाही?"

मी जिन्याच्या पायरीवर बसले. मग एकेक बाहेर आलं. रस्सा चालूच होता, कारण डॉक्टर मांस म्हणाली होती, रस्सा कुठे म्हणाली? चरबीचं मालिश चालू होतं, कारण ते अंगावरचं औषध, पोटातलं नव्हे. कातडं तर कातडंच, ते कोण खातंय? आणि यांत एजेंनी फसवलं होतं असंही नाही. त्यांना मनापासून वाटत होतं की कुत्र्याच्या आयुष्यातून मेंढी पार हद्दपार झालीय. खरं तर डॉक्टरने विचारलं असतं तर मीही शपथेवर हेच सांगितलं असतं. मेंढी आमच्या हाताला, कपड्याला, भांड्याला इतकी आहे की ती आम्हाला दिसतच नाही.

त्या दिवसापासून मी पहारेकरी झाले. कातडं धुवून माझ्या कपाटात. चरबीची बरणी माझ्या फ्रीजमध्ये. एजे समारंभाहून आल्या की आधी माझ्या दारात थांबायचं, पिशवी माझ्याकडे द्यायची, हात साबणाने धुवायचे, मग वर. त्या कुरकुर करत, मला पोलीस म्हणत, पण धूत. आणि हळूहळू छत शांत झालं. इतकं शांत झालं की मी पहाटे दचकून जागी व्हायला लागले, हे काय, आवाज का नाही? बातीरच्या पोटावर जर्दाळूसारखी लव आली. पंजे परत कुत्र्याचे दिसायला लागले. एक दिवस मी वर गेले तर सांजार जमिनीवर होता आणि बातीरचा अंगरखा धरून उभं राहायचा प्रयत्न करत होता, आणि नाझिरा भांडी पुसता पुसता बघत होती. बघत होती, पण उचलत नव्हती.

एजेंनी माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. आम्ही जिंकलो होतो. एक आठवडा.

सोहळ्याच्या दोन दिवस आधी सापार-आके अवतरले. सत्तरी ओलांडलेला, घोड्यावर बसून बसून पाय कंसासारखे झालेला माणूस, डोक्यावर पांढरी उंच टोपी, मोडकी जीप स्वतः हाकत आलेला. डिकीतून त्यांनी एक जिवंत मेंढी काढली आणि अंगणातल्या पोपलरच्या झाडाला बांधली. शर्यतीचं पहिलं बक्षीस! नुसती भांडीकुंडी काय द्यायची, आपल्या कुळाला शोभेल असं दिलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मग वर जाऊन त्यांनी भूक लागली म्हणून स्वयंपाकघरातल्या लहान पातेल्याचं झाकण उचललं. आत घोडा. मऊ शिजवलेला. त्यांचा चेहरा उजळला, सूनबाईने आपल्यासाठी किती केलं. ते चमचा घालणार तेवढ्यात बातीर येऊन पातेल्याखाली बसला आणि सवयीने भुंकला. नाझिराने बिचारीने खरं ते सांगून टाकलं.

मग माझ्या छतातून सापार-आकेंचा आवाज: "म्हणजे मी मेंढी खाणार आणि हा घोडा खाणार?"

एजेंनी समजावलं, तिलेकने समजावलं. मेंढी त्याला बाधते, आके. आकेंनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि त्यांच्या मनात जे उतरलं ते एवढंच की या शहरात बायकांनी एका मुक्या जनावराला मेंढीवाचून तरसवलंय. म्हाताऱ्याचं मन मोठं. दुसऱ्या दिवशी सगळे बाहेर गेले असताना त्यांनी बातीरला मांडीवर घेतलं आणि त्याला मेंढीच्या नळीतला सगळा मगज खाऊ घातला. वर डोळे पुसले.

संध्याकाळी माझं छत वाजायला लागलं. ठकठकठकठक. मी सुई खाली ठेवली. आणि मला कळलं की हे मी एकटी ऐकत नाहीये.

नाझिराने फक्त एवढंच म्हटलं, "उद्या आके नेतील ना त्याला?" तिलेकने मान खाली घातली. बरा झाला नाही तर जाईल, असा एजेंनी शब्द दिला होता. मी वर गेले तेव्हा त्या स्वयंपाकघरात उद्याच्या पाहुण्यांसाठी मेंढीच्या शेपटीची चरबी चिरत होत्या, कोपरापर्यंत माखलेल्या. दाराशी बातीरचा वाडगा, पट्टा आणि माझा सोनेरी अंगरखा नीट घडी करून ठेवलेला. चिरून झालं तशी त्यांनी तसेच हात पुढे केले आणि काळ्या-पांढऱ्या लोकरीचा दोरा वळायला घेतला, सांजारच्या पायांसाठी.

"हात तरी धुवा," मी म्हटलं.

"चिकट हाताने पीळ घट्ट बसतो," एजे म्हणाल्या. आणि मग खाली बघत, "त्याला तिकडे ते उघड्यावर झोपवतील, रोझा. तो अजून वाढायचाय गं." मी चरबी जास्त झालीय एवढं ओरडले आणि खाली आले.

सोहळ्याच्या दिवशी अंगण माणसांनी फुललं होतं. कढया चढल्या होत्या, सगळीकडे मेंढीचा वास. बातीरला पाहुण्यांत नको म्हणून माझ्या घरात ठेवला होता, अंगरखा घालून, निघायच्या तयारीत. मला बाहेर बसायचं होतं, पण त्याला सोडून जाववेना, म्हणून त्याला काखेत धरून मी खिडकीत उभी राहिले. तळमजल्याची खिडकी, खाली फक्त फुलझाडांचा वाफा.

नाझिराने धावणारी पक्की करून ठेवली होती: तिची भाची आयझादा, क्रीडाशाळेतली, गळ्यात पदकं घालूनच आलेली. बाकीची पोरं केवळ शोभेला. आयझादा कापणार, सांजार तिच्यासारखा वाऱ्यागत धावणार, शाळेत पहिला येणार, सगळं ठरलेलं. सांजारला गालिच्यावर उभा केला, पायांना एजेंनी वळलेला दोरा बांधला. सापार-आकेंनी टोपी उंच धरली आणि खाली आणली. पोरं सुटली.

आता यात माझा काय दोष? शर्यत बघताना माणूस टाळ्या वाजवतो. मी वाजवल्या. दोन्ही हातांनी.

बातीर वाफ्यात पडला, उठला, नाक वर केलं. महिनाभर तरसलेलं कुत्रं, आदल्या दिवशी मगजाची आठवण ताजी झालेली, आणि समोर वीस-पंचवीस पावलांवर शेपटीच्या चरबीत मुरवलेला, खास त्याच्या एजेंच्या हातचा दोरा. मी त्याला कधी धावताना पाहिलंच नव्हतं. तो चालायचा, डुलायचा, खाजवायचा. त्या दिवशी तो सुटला तो सोनेरी गोळीसारखा, गोंडा मागे आडवा, पोरांच्या पायांतून, पदकांच्या खालून, आयझादाला मागे टाकून. गालिच्यावर चढला, दोऱ्यात दात घातले, मान झटकली आणि तो तोडून मोकळा झाला. आयझादा कात्री घेऊन पोचली तोवर त्याने निम्मा गिळला होता.

नाझिराने दोन्ही हात तोंडावर ठेवले होते. सगळे सापार-आकेंकडे बघायला लागले, कारण अशा वेळी निकाल थोरल्याने द्यायचा असतो. आकेंनी टोपी डोक्यावर ठेवली, परत काढली, परत ठेवली.

"पहिला कोण आला?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी पाहिलं होतं.

"मग त्याने कापला," आके म्हणाले. "दोरा दोनदा बांधत नाहीत."

तेवढ्यात सांजारने पाय उचलला. त्याला निकालाशी काय देणंघेणं? त्याला सोनेरी गोंडा हलताना दिसला. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, तिसऱ्याला डुगडुगला पण पडला नाही, आणि चालत चालत जाऊन त्याने बातीरचा अंगरखा दोन्ही मुठींत धरला. बायकांनी तोंडाने आशीर्वाद पुटपुटत आपापल्या चेहऱ्यावरून हात फिरवले. एजे रडत होत्या, उघड, सगळ्यांसमोर, आणि कुणालाही आत सरका म्हणत नव्हत्या.

तिलेकला मात्र शब्दाची आठवण. त्याने हळूच विचारलं, "मग आके, कुत्र्याला डिकीत कधी घालू?"

नाझिरा वळली. रीतीभातीला पक्की पोरगी, म्हटलं ना. रागाने लाल झाली होती, पण राग कुत्र्यावर नव्हता. "डिकीत?" ती म्हणाली. "माझ्या मुलाचा दोरा ज्याने कापला त्याला डिकीत घालतोस? उद्या पोर अडखळलं तर?" मग वाकून तिने बातीरच्या तोंडातून उरलेला लोकरीचा तुकडा ओढून काढला आणि सासूकडे न बघता म्हणाली, "आपा, घोडा संपला असेल तर मी आणते. आणि याला मेंढी कुणी दिली तर माझ्याशी गाठ आहे." सापार-आकेंनी आभाळाकडे पाहिलं.

मग बक्षिसाचा प्रश्न आला. पहिलं बक्षीस मेंढी, आणि रीत ती रीत. पोपलरची दोरी सोडून मेंढी बातीरसमोर आणून उभी केली. त्याने तिचा वास घेतला, शिंकला, आणि खाली बसून कान खाजवायला लागला. सगळं अंगण हसलं, आयझादासुद्धा.

संध्याकाळी सापार-आके निघाले तेव्हा डिकीत मेंढी होती. बातीरची मेंढी, कानावर खूण केलेली, त्यांच्या कळपात चरायला. तिच्या बदल्यात दर हिवाळ्यात घोडा पाठवायचं त्यांनी स्वतःहून कबूल केलं. मला वाटतं त्या मगजाचं त्यांच्या मनाला लागलं होतं. जीप सुरू करता करता काच खाली करून त्यांनी एजेंना विचारलं, "सायराकान, हा खरंच तायगान आहे का गं?"

"तुम्ही पाहिलं ना धावताना," एजे म्हणाल्या.

आकेंनी काच वर केली. जीप गेली. छत त्यानंतर आठवडाभर वाजलं आणि मग थांबलं. आता पहाटे वरून दोन प्रकारची पावलं ऐकू येतात, एक चार पायांची आणि एक डुगडुगती, आणि त्यांच्या मागून एजे, कासिमला सांगत असतात, बघ, वाढला की नाही.